भ्यालेल्या माणसाला आणखी भिववू नका : मराठवाड्यातल्या पाळकांना आणि सुवार्तिकांना खुलं पत्र

मराठवाड्यातल्या सर्व मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, पाळक, ख्रिस्ताची सुवार्ता सांगत फिरणारे सुवार्तिक, बायबल शाळांचे शिक्षक आणि घरोघर प्रार्थनेला जाणारे भाऊ-बहिणी यांना,

जय ख्रिस्त.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. लोकांनी येशूकडे यावं म्हणून त्यांना नरकाची, शापाची, आजारपणाची आणि जगाच्या शेवटाची भीती घालणं थांबवा. बसस्टँडवर वाटायच्या पत्रिकांमधून थांबवा, सभेच्या लाऊडस्पीकरवरून थांबवा, मयताच्या घरात थांबवा. लहान लेकरांपुढे तर आजच थांबवा.

हे मी आधी खासगीत बोलले आहे. पाळकसाहेबांच्या घरी बसून बोलले, महिला मंडळात बोलले. उत्तर मिळालं की घरातली गोष्ट घरात ठेवावी, दिवस वाईट आहेत, बाहेरच्यांच्या हातात कोलीत देऊ नये. दिवस वाईट आहेत हे मलाही दिसतं. पण पत्रिका घरात राहत नाही. ती आठवडी बाजारात, यष्टीत, दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणसाच्या हातात पडते. जे उघड्यावर चाललंय, त्याबद्दल उघड्यावरच बोलावं लागेल.

मी जालना जिल्ह्यातली. ख्रिस्ती घरात जन्मले. पणजोबांच्या पिढीपासून आमच्याकडे रविवारची उपासना आहे. नोकरी सरकारी आरोग्य खात्यात झाली, परिचारिका म्हणून. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे ग्रामीण रुग्णालय. आता निवृत्त आहे. गावोगावची माणसं मला सिस्टर म्हणतात आणि मंडळीतली माणसंही सिस्टरच म्हणतात, त्यामुळे दोन्हीकडचं कानावर येत राहिलं.

गेल्या हिवाळ्यात बाजारात मिळालेली एक पत्रिका आत्ता माझ्यापुढे आहे. घडी घातलेली, चार पानांची, पातळ चकचकीत कागदाची. वरच्या पानावर लाल-पिवळ्या ज्वाळा, त्यांत हात वर केलेली माणसं, आणि ठळक अक्षरांत प्रश्न : आज रात्री मेलात तर कुठे जाल? दुसऱ्या पानावर किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही. तिसऱ्या पानावर प्रभूचं नाव येतं, तेही सुटकेचा एकमेव मार्ग म्हणून. चौथ्यावर म्हणायची प्रार्थना आणि मोबाइल नंबर. त्याने पाच हजारांना जेवू घातलं, कुष्ठरोग्याला हात लावला, विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, विधवेच्या मुलाची तिरडी थांबवली, यातलं एक अक्षर त्या चार पानांत नाही. ज्याने येशूचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, त्याला तुम्ही येशूबद्दल काय सांगितलंत? एवढंच, की त्याला नाही म्हटलं तर आग आहे.

आणि हे कुणाला सांगताय, तेही पाहा. मराठवाड्यातल्या माणसाला भीती बाहेरून आणून द्यायची गरज नाही. पावसाने पाठ फिरवली तर काय, सोसायटीचं कर्ज, खासगी सावकार, मुलीचं लग्न. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांकडे जायचं, मुकादमाची उचल अंगावर असताना आजारी पडलं तर काय. या सगळ्याच्या वर करणी आणि भानामती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, भानामती हे आमच्या भागातलं जुनं दुखणं आहे. घरात अचानक कपडे पेटतात, छपरावर दगड पडतात, बाईच्या अंगावर बिब्ब्यासारख्या फुल्या उमटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी प्रकरणं उलगडून दाखवली. बहुतेक ठिकाणी आत सापडलं ते एखाद्या सुनेचं किंवा पोरीचं कोंडलेलं दुःख. मी ड्युटीवर असताना अशा बाया पाहिल्या आहेत. त्यांना चौकशीपेक्षा झोपेची आणि कुणीतरी जवळ बसण्याची जास्त गरज असायची.

आता अशा घरात प्रार्थनेला गेलेला भाऊ काय म्हणतो? भानामती नाही असं म्हणत नाही. म्हणतो, आहे, सैतानाची आहे, तुमच्या देव्हाऱ्यातून आली आहे, आणि बाप्तिस्मा घेतला नाही तर सात भुतं घेऊन परत येईल. ती बाई आधी एका गोष्टीला भीत होती, आता दोन गोष्टींना भिते. मानेवरचं जू उतरलं नाही, वर दुसरं चढवलं.

मंडळीत येणाऱ्या कितीतरी जणांना प्रार्थनेने खरंच बळ मिळालं आहे, हे मी नाकारत नाही. दारू सुटलेली घरं मी पाहिली आहेत. नवरा मारायचा थांबला, पोरगी शाळेत जाऊ लागली, अशा साक्षी खोट्या नसतात. त्या घरांना मी जवळून ओळखते. तिथे माणूस बदलला तो कुणीतरी रोज संध्याकाळी येऊन बसलं म्हणून, नाव घेऊन हाक मारली म्हणून, आजारपणात डबा आणला म्हणून. धाकाने सुटलेली दारू मी एकदाही टिकलेली पाहिली नाही.

एका पोराचं सांगते. वय शाळकरी, फेफऱ्याचा आजार. गोळ्या नियमित चालू होत्या, फिट येणं जवळजवळ थांबलं होतं. मग घरच्यांना एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेत, सांगण्यात आलं की हा दुष्ट आत्मा आहे, तो निघाला आहे, आणि यापुढे गोळी दिली तर तो अविश्वास ठरेल, गेलेला आत्मा परत बोलावल्यासारखं होईल. आईने भीतीपोटी गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली. फेफऱ्याची गोळी एकदम तोडली की फिट पूर्वीपेक्षा जोराने येते, एकामागून एक येते, मधे शुद्धच येत नाही. आमच्या खात्यात नव्या आशाताईलाही हे शिकवतात. पोरगं रात्री जीपमध्ये घालून आणलं. दातांखाली जीभ चिरलेली, ओठ निळे, कपडे ओले. डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, मी ऑक्सिजन लावला. आई कोपऱ्यात उभी राहून एकच म्हणत होती, "माझाच विश्वास कमी पडला, सिस्टर." पोरगं वाचलं. पण त्या माउलीच्या तोंडी ते वाक्य कुणी घातलं? तिचा विश्वास कमी पडला नव्हता. तिला जे सांगितलं ते तिने जसंच्या तसं केलं होतं.

लूककृत शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, आजाऱ्यांना असते, हे प्रभूचंच वाक्य. मग गोळी घेणं अविश्वास कसा झाला?

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जातंय. आमच्याच तालुक्यातली एक बाई. नवऱ्याने औषध पिऊन जीव दिला. औषध म्हणजे कोणतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रत्येक प्रकरणाची फाइल निघते. सातबारा, बँकेची थकबाकी, पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मग समितीची बैठक, आणि शेवटी शेरा : पात्र किंवा अपात्र. पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख रुपये. या बाईचा नवरा अपात्र ठरला, कारण जमीन त्याच्या बापाच्या नावावर आणि कर्ज सावकाराचं. त्याच महिन्यात तिच्याकडे प्रार्थनेला जाणाऱ्या एका सुवार्तिकाने तिला सांगितलं की आत्महत्या करणाऱ्याला क्षमा नाही, तो नरकात गेला आहे, तुम्ही तरी वाचा, लेकरांना तरी वाचवा. ती माझ्याकडे आली ती बीपीची गोळी घ्यायला. गोळी हातात घेऊन म्हणाली, "हितं कर्जानं जाळलं, आता तिथं बी जळायलेत म्हणं. खरंय का ओ?"

सरकारने अपात्र म्हटलं, ते एक वेळ समजू शकते, त्यांच्याकडे फॉर्म आहे. तुमच्याकडे कोणता फॉर्म आहे? बायबलमध्ये शौलाने तलवारीवर पडून जीव दिला, अहिथोफेलाने फास घेतला, यहूदाने घेतला. या सगळ्यांचे मृत्यू लिहिले आहेत. पण आपला जीव घेणारा प्रत्येक जण नरकात जातो असा नियम पवित्र शास्त्रात कुठेही नाही. असेल तर मला अध्याय आणि ओवी दाखवा. कॅथलिक मंडळीने १९९२ साली काढलेल्या धर्मशिकवणीच्या पुस्तकातही स्पष्ट म्हटलं आहे की ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आणि एलीया? एवढा मोठा संदेष्टा रानात झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला नरक दाखवला नाही. दूत पाठवला, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली, ऊठ, खा म्हणाला, झोपू दिलं, आणि पुन्हा खा म्हणाला. ज्या घरात नुकताच एक माणूस कंटाळून गेला आहे, तिथे पाळकाने काय करावं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. त्या घरात मागे राहिलेली बाईही काठावर उभी असते. तिला भीती दाखवणं जिवावर बेतू शकतं, हे मी परिचारिका म्हणून सांगते आहे.

किल्लारीबद्दल बोलायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. लातूर-उस्मानाबादकडची बावन्न गावं जमीनदोस्त झाली, सरकारी आकड्याप्रमाणेच मेलेल्यांची संख्या ७,९०० च्या वर. का मेली इतकी माणसं? घरं माळवदाची होती. मातीत रचलेल्या गोट्या दगडांच्या जाड भिंती, त्यावर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून टाकलेला मातीचा जड थर. धक्का बसला तशा भिंती फाकल्या आणि ते सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. भूकंपाची ताकद ६.२ च्या आसपास होती. एवढ्या धक्क्यात नीट बांधलेली पक्की घरं उभी राहू शकतात. हे दगड-मातीचं कारण आहे. पण मी एका सभेत माझ्या कानांनी ऐकलं आहे की किल्लारी म्हणजे मूर्ती बुडवून आलेल्यांवरचा देवाचा न्याय. समोर बसलेल्यांत कुणाचे नातेवाईक त्या ढिगाऱ्याखाली गेलेले असतील, याचाही विचार वक्त्याने केला नाही.

पाळकहो, हा प्रश्न प्रभूपुढे त्याच्या हयातीतच आला होता. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात तो विचारतो, यरुशलेमेत राहणाऱ्या सगळ्यांपेक्षा ती अठरा जण अधिक अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पुढचं वाक्य तुम्ही मला ऐकवाल, म्हणून मीच ऐकवते : पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल. हो, तो तसं म्हणाला. पण कुणाला म्हणाला? दुसऱ्यांच्या मरणावर निकाल द्यायला बसलेल्यांना. ढिगारा उपसणाऱ्यांना नाही.

इथे तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा येतो, आणि तो टाळून मला पुढे जायचं नाही. तुम्ही म्हणता, सिस्टर, नरकाबद्दल सगळ्यात जास्त प्रभूच बोलला आहे, आम्ही पदरचं काय सांगतो? पुढे म्हणता, परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ आहे. दोन्ही गोष्टी शास्त्रात आहेत. माझा विश्वास शास्त्रातली पानं फाडून उभा राहिलेला नाही. न्याय आहे असं मीही मानते. गरिबाला लुटणारा, लेकराला नासवणारा, त्याला देवापुढे जाब द्यावा लागेल, नाहीतर या जगात ज्यांना कधीच न्याय मिळाला नाही त्यांनी काय करावं?

पण प्रभू हे शब्द कुणापुढे बोलला ते शुभवर्तमान उघडून पाहा. शास्त्री आणि परूशी, म्हणजे आपल्यासारखी धर्मातली जाणती माणसं. आणि त्याचे स्वतःचे शिष्य. श्रीमंत माणसाच्या दाराशी लाजर पडला होता, तो दृष्टान्त पैशावर प्रेम करणाऱ्यांना ऐकवला. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात जे डावीकडे पाठवले जातात, त्यांना विचारलं जातं की भुकेल्याला खायला दिलं का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याला भेटायला गेला का. आता दुसरी बाजू पाहा. विहिरीवरची शोमरोनी बाई, रोमी शताधिपती, कनानी आई, झाडावर चढलेला जक्कय, ही सगळी बाहेरची किंवा बाहेर टाकलेली माणसं. यांतल्या एकालाही त्याने नरकाची भीती घालून जवळ बोलावलं नाही. एकाकडे पाणी मागितलं, एकाच्या घरी जेवायला गेला. तुम्ही नेमकं उलटं करताय. आतल्यांना आशीर्वाद आणि बाहेरच्यांना आग.

शोमरोनाच्याच एका गावाने त्याला उतरायला जागा दिली नाही, तेव्हा याकोब आणि योहान म्हणाले, प्रभू, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा असं आम्ही म्हणावं का? त्याने वळून धमकावलं ते या दोघांना. गावाला नाही. मग ते दुसऱ्या गावाला गेले. यावर मी आयुष्यात किती प्रवचनं ऐकली असतील? आठवत नाही एकही.

तोच योहान पुढे पत्रात लिहितो, "प्रीतीच्या ठायी भीती नसते, इतकेच नाही तर पूर्ण प्रीती भीती घालवून देते." आणि मत्तयाच्या दहाव्या अध्यायात, जिथे प्रभू म्हणतो की आत्मा आणि शरीर दोन्ही नरकात नष्ट करू शकणाऱ्याला भ्या, तिथून तीनच ओव्या खाली तो चिमण्यांचं सांगतो आणि म्हणतो, म्हणून भिऊ नका. पत्रिकेत २८ वी ओवी असते. ३१ वी छापायला जागा उरत नाही का?

लेकरांबद्दल. उन्हाळ्याच्या सुट्टीतली बायबल शाळा माझ्याही लहानपणी होती. गाणी, पाठांतर, रंगवायची चित्रं, शेवटच्या दिवशी खाऊ. आजही बहुतेक ठिकाणी ती तशीच आनंदाची असते, आणि शिकवणारी तरुण मुलं-मुली पदरमोड करून राबतात. पण काही ठिकाणी आता मोठ्या पडद्यावर अग्निसरोवर दाखवतात, आवाज सोडतात, दिवे घालवतात, आणि मग विचारतात, कोणाला येशू हवा, हात वर करा. सात वर्षांचं लेकरू दुसरं काय करणार? आमच्या ओळखीतली एक मुलगी अशा वर्गाहून आली आणि त्या रात्रीपासून आईला सोडून झोपेना. आठवड्याने कारण कळलं. तिची आजी बौद्ध आहे, आईच्या माहेरची, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, दर सुट्टीत मुलगी तिथेच असते. तिला वाटत होतं की आजी जळणार आहे आणि आपण तिला वाचवलं नाही. मराठवाड्यात आपल्यातल्या कितीतरी घरांत असंच आहे, सोयरीक सगळीकडे पसरलेली आहे, एक काका पंढरीची वारी करतो, एक मावशी विहारात जाते. त्या लेकराने सुट्टीत आजीच्या ताटात जेवताना काय विचार करावा अशी तुमची अपेक्षा आहे? प्रभूने लेकरांना जवळ घेतलं, मांडीवर घेतलं, आशीर्वाद दिला. आणि लहानग्यांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात टाकणं बरं, हे त्याच्या तोंडचे सगळ्यात कठोर शब्द. तेही शिकवणाऱ्यांसाठीच आहेत.

शेवटच्या काळाच्या भीतीवर थोडक्यात लिहिते. २०२१ मध्ये करोनाची लस द्यायला आम्ही वाड्या-वस्त्यांवर जात होतो. अफवा सगळ्याच समाजांत होत्या. आपल्या लोकांतली अफवा अशी की लस म्हणजे श्वापदाची खूण, सहाशे सहासष्ट, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली सैतानाच्या बाजूची निशाणी. आधार कार्डाच्या वेळीही हेच ऐकलं होतं. वयस्क, साखरेचा आजार असलेली माणसं दाराआड लपायची, आणि ही माहिती मोबाइलवर पाठवणारे आपलेच ब्रदर होते. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती, काहींनी पिकंही कापली नाहीत. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जगभर फलक लावून सांगितली. दोन्ही दिवस आले आणि गेले. त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, असं प्रभू सांगून गेला आहे. मग तुम्हाला कोणी कळवलं?

ही पद्धत आपली नाही, असं मला नेहमी वाटतं. १७४१ साली अमेरिकेतल्या एन्फील्ड गावी जोनाथन एडवर्ड्स यांनी क्रोधाविष्ट देवावर प्रवचन केलं तेव्हा लोक किंचाळू लागले आणि त्यांना मधेच थांबावं लागलं. त्या धाटणीची प्रवचनं पुढे छापून, चित्रं काढून जगभर फिरली. आपल्याकडच्या पत्रिका मला त्याच वळणाच्या वाटतात, ज्वाळांच्या चित्रासकट. आपली परंपरा दुसरी आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले आणि १८६० च्या दशकात त्यांनी जालन्यात काम सुरू केलं. जवळच निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवलं. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांना घर, विहीर, शाळा मिळाली. जालन्याच्या मिशन दवाखान्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या जातिधर्मांच्या बाया बाळंत झाल्या. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांची भजनं आपण दर रविवारी गातो. ख्रिस्ताला माउली म्हणणारा तो कवी संतांच्या अभंगांवर वाढलेला. कीर्तनाच्या चालीवर ख्रिस्त सांगणारे ख्रिस्ती कीर्तनकार अहमदनगरकडे होऊन गेले. ही पैठणच्या एकनाथांची, नरसीच्या नामदेवांची, गंगाखेडच्या जनाबाईंची भूमी आहे. इथल्या माणसाच्या कानाला देव दळू लागणारा, पाणी भरणारा, लेकराच्या मागे धावणारा ठाऊक आहे. त्याच्यापुढे पाय धुणारा ख्रिस्त ठेवायचा, की कंदील घेऊन आगीच्या दारात उभा केलेला?

कायद्याचंही सांगते, कारण काही जण म्हणतील की प्रचार हा आमचा घटनादत्त हक्क आहे. आहेच. अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे आणि तो मला प्राणाइतका प्यारा आहे. पण ओडिशाच्या १९६७ च्या कायद्यात बळजबरीच्या व्याख्येतच दैवी कोपाची धमकी धरली आहे, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. अशा कायद्यांचा वापर साध्या प्रार्थनेला बसलेल्या गरीब कुटुंबांना छळायला होतो, हे मी जाणते आणि त्याचा निषेध करते. तरीही माझ्या मनाला विचारलं तर, देवाच्या कोपाची धमकी ही बळजबरीच आहे, कायद्याने म्हणो न म्हणो. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तर सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, भुताच्या भीतीने घबराट पसरवणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं, हे त्यात गुन्हे आहेत. आपल्या चंगाई सभांना त्यातून सूट नाही, आणि मागूही नये.

हे पत्र ख्रिस्ती नसलेले वाचकही वाचतील. त्यांना हात जोडून सांगते, या पत्राचा दगड करून कुणाच्या प्रार्थनेच्या खोलीवर फेकू नका. रविवारी दार लावून, पोरं बाहेर पहाऱ्याला ठेवून उपासना करावी लागते अशी घरं मराठवाड्यात आहेत. जमाव घेऊन दारात उभं राहणं ही भीतीच आहे, आणि ती मी त्याच ठामपणे नाकारते. मी माझ्या भावांशी भांडते आहे ते आमच्या घरातली माणसं म्हणून.

आता पाळकहो, करायचं काय. पत्रिका छापायला देण्याआधी मंडळीतल्या एखाद्या परिचारिकेला, शिक्षिकेला, आणि नुकत्याच विधवा झालेल्या एका बाईला ती वाचून दाखवा. तिघींपैकी एकीचाही चेहरा उतरला तर ती छापू नका. प्रत्येक चंगाई सभेत व्यासपीठावरून मोठ्याने सांगा की फेफऱ्याची, टीबीची, बीपी-शुगरची, मानसिक आजाराची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करायची नाही. हे वाक्य बोलायला अर्धा मिनिट लागतो. ज्या घरात आत्महत्या झाली आहे तिथे पहिले कित्येक दिवस प्रवचन करूच नका. धान्य न्या, पोरांची फी भरा, फाइलीचे कागद जमवायला तहसीलला बरोबर जा. मला माहीत असलेल्या दोन पाळकांनी हे वर्षानुवर्षं केलं आहे आणि त्यांच्या मंडळ्या भरलेल्या असतात. मयताच्या घरी बाप्तिस्म्याचा विषय काढू नका. नव्या सुवार्तिकांना पाठवण्याआधी आठवडाभर एखाद्या दवाखान्यात रुग्णांजवळ बसवा, न बोलता.

सुट्टीतल्या बायबल शाळांचं साहित्य फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं आणि छापलं जातं. त्याआधी तुमच्या पाळकसभांच्या बैठका होतील. या वर्षीच्या पुस्तिकांतून अग्निसरोवराचा धडा आणि ती चित्रफीत काढली का, एवढं मला कळवा. काढली नसेल तर तेही कळवा. आमच्या महिला मंडळातल्या बायांनी पर्यायी धडे लिहायला घेतले आहेत, चित्रांसकट. मागाल त्या मंडळीला आम्ही ते आमच्या खर्चाने पाठवू.

तुमची बहीण,
जालना जिल्ह्यातली एक निवृत्त परिचारिका